एक कॉम्प्युटर, तीन डोमेन आणि कर्णिकसाहेब

कॉम्प्युटर सपोर्टच्या नोकरीत किस्से शोधावे लागत नाहीत. टेबलावर धूळ साचते तसे ते साचत जातात. फरक इतकाच, की धूळ आपल्याहून जास्त पगार घेऊन आपल्यावरच ओरडत नाही!

आमचं ऑफिस अंधेरीला. कंपनीने घाटकोपर आणि मुलुंडच्या दोन छोट्या कंपन्या विकत घेतल्या. तिन्ही कंपन्यांची नेटवर्कं वेगळी, म्हणजे डोमेन वेगळी; प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा, फाइल्स वेगळ्या. ती एकत्र करायची कटकट नको म्हणून आमचे ऑपरेशन्स हेड कर्णिकसाहेब म्हणाले, "ज्यांचं तिन्हीकडे काम आहे, त्यांनी लॉगिन करताना डोमेन निवडायचं. कॉम्प्युटर एकच. सो सिंपल!"

सपोर्टला आम्ही दोघंच, मी आणि बोरीवलीचा सावंत. सावंत माझ्या कानाशी पुटपुटला, "वाट लागली गं."

*

पहिल्याच सोमवारी साहेबांची बोंब. "माझ्या फाइल्स चोरीला गेल्या! नातवाचा फोटोसुद्धा!"

गेट बंद झालं. लोकांच्या बॅगा उघडल्या, जेवणाचे डबे उघडले. मी जाऊन बघते तर साहेब मुलुंडच्या डोमेनवर! अंधेरी निवडलं, पासवर्ड टाकायला लावला. फाइल्स हजर, नातू हजर.

"मग मघाशी कुठे होता हा?"

सावंत म्हणाला, "मुलुंडला तुम्ही एकटेच गेला होतात, सर."

*

अकाउंट्सच्या जोशीमॅडमचा पासवर्ड रोज चुकायचा, खातं रोज लॉक. "रोज याच्याच समोर बसते ना मी? ओळखत कसा नाही मेला!"

शेवटी त्यांनी तिन्ही पासवर्ड लिहून चिठ्ठी मॉनिटरलाच चिकटवली. मी म्हटलं, "मॅडम, असं उघड नाही ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी बघते, तर चिठ्ठी तिथेच. फक्त उलटी चिकटवलेली!

*

मग साहेबांनी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. विषय, 'नवी सिस्टिम किती सोपी आहे'. फाइल ठेवलेली घाटकोपरच्या डोमेनमध्ये, साहेबांचं लॉगिन अंधेरीत. फाइल उघडेना. मी उठले, तर हाताने बस म्हणाले. पासवर्ड चुकत गेले, खातं लॉक झालं. सगळा स्टाफ प्रोजेक्टरवर लॉगिनची पाटी बघत बसला.

साहेब वळून म्हणाले, "बघितलंत? म्हणूनच तुम्हाला ट्रेनिंगची गरज आहे!"

*

हसू आटलं ते मार्चमध्ये. वरून हुकूम आला, स्टाफ कमी करा. साहेबांनी तिन्ही डोमेनमधली नावं मागवली आणि आम्हाला केबिनमध्ये घेतलं.

"यातले डुप्लिकेट लोक काढा. ज्याचं नाव तीनदा आहे, तो जादा."

"सर, माणूस एकच आहे," सावंत म्हणाला. "त्याला तिन्हीकडे लॉगिन करावं लागतं, म्हणून नाव तीनदा..."

"तू मला शिकवू नकोस. तुझंही आहे तीनदा!"

सावंतचा चेहरा उतरला. त्याची मुलगी बारावीला, घरात कमावणारा हा एकटा. मी म्हटलं, "सर, निदान नावं तरी एकदा वाचून बघा."

"वाचायची काय गरज आहे? नियम म्हणजे नियम. एकालाही सूट नाही. माझ्या नावाने मेल पाठवून टाका, सगळ्यांना!"

बाहेर येऊन आम्ही तीनदा आलेल्या नावांची यादी जशीच्या तशी एचआरला दिली. एचआरने संध्याकाळी साहेबांच्या नावाने काढून टाकल्याचे मेल पाठवले. त्याला आला, मला आला, जोशीमॅडमना आला.

सकाळी आम्ही दोघं ड्रॉवर रिकामे करत होतो. तेवढ्यात कर्णिकसाहेब फोन नाचवत आले. घामाघूम.

"मला काढलंय! मला! कोणाची हिंमत झाली? नाव कोणाचं आहे खाली?"

सावंतने शांतपणे चष्मा लावला. फोन हातात घेतला. मेल वरपासून खालपर्यंत वाचला.

"तुमचंच आहे, सर."