पाणी समजून तोडलेला पाइप

दुष्काळात आमच्या गावच्या कोरड्या ओढ्यात पाण्यासाठी झिरा खणताना एक काळा पाइप लागला. आत पाणी असणार म्हणून खणणाऱ्या शेजारच्या मावशींनी तो कुऱ्हाडीनं तोडला. निघाल्या काचेच्या, केसाएवढ्या बारीक तारा. मी ग्रामपंचायतीत संगणकावर काम करतो; तिथलं इंटरनेट बंद पडलं, आणि टँकरची मागणी त्यावरूनच जायची.

तारा जोडायला लातूरहून मोटारसायकलवर एक माणूस आला. कुणावर रागावला नाही. “ह्यातून उजेड जातो, मावशी,” एवढंच म्हणाला. “तुमची टँकरची मागणी उजेड होऊनच अहमदपूरच्या तहसीलला पोचते.”

बोटं स्पिरिटनं पुसून तो एकेक तार मशीनमध्ये धरायचा. वाऱ्यानं धूळ बसली की जोड बिघडायचा. तो टोक कापून पुन्हा जोडायचा.

मावशींनी तांब्या पुढं केला. घरात तेवढंच पाणी होतं.

“टँकर येऊ द्या, मग पितो.”

दुपारी माझी मागणी गेली. त्याचं काम संपलं होतं, तरी तो बाभळीखाली बसून राहिला. संध्याकाळी टँकर आला. सगळ्यांच्या घागरी भरल्यावर तो उठला आणि मावशींपुढं ओंजळ धरून वाकला.