स्ट्रेमिंगचा गायक

वुबो हाउझिंग एकोणीस वर्षांचा असताना ‘स्ट्रेमिंग’ नावाच्या बँडमध्ये गायचा. गायचा म्हणजे ओरडायचा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहराच्या पूर्वेला, कालव्याकाठच्या गावात त्याचे वडील आल्ड्रिक बोटींसाठी पूल उचलायचं काम करत. कालव्याची वाट बंद असली की ते खांबावर एक पाटी लावत, तिच्यावर हा शब्द असे. बँडला नाव हवं होतं तेव्हा वुबोने तोच उचलला.

तालीम चाले बंद पडलेल्या डेअरीत, लोणी साठवायच्या खोलीत. भिंतींना बुचाचं अस्तर होतं. आवाज बाहेर जात नसे, पण आत असा कोंडे की तासाभराने चौघांच्याही कानांत शिट्या वाजू लागत. गिटार वाजवायचा राइंट, वुबोचा शाळेपासूनचा दोस्त. गाणी एकेक मिनिटाची. हार्डकोरमध्ये, पंकच्या या सुसाट, आरडाओरड्याच्या प्रकारात, त्याहून जास्त कोणी मागतही नाही. दिवसभर पुठ्ठ्याच्या कारखान्यात ओले ताव उचलताना वुबोच्या घशाशी जे साचायचं, ते त्या एका मिनिटात निघून जायचं. माइकची वायर तो मनगटाला दोनदा गुंडाळायचा, डोळे मिटायचा, आणि मग समोर सतरा माणसं आहेत की दोनशे, हे त्याच्या लेखी सारखंच असायचं.

एका दुपारीत त्यांनी आठ गाणी रेकॉर्ड केली. त्यातलं ‘अकरा पावलं’ सगळ्यांत गाजलं. घराच्या दारापासून पुलावरच्या खोलीपर्यंत अकरा पावलं. एक माणूस जन्मभर तेवढंच चालतो आणि त्यालाच जग म्हणतो. शेवटची ओळ होती, ‘बाहेर ये, म्हाताऱ्या.’ हे गाणं कोणावर आहे ते बँडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आल्ड्रिकना कोणी सांगितलं नव्हतं. ते एकदाच, जेवताना बटाटे कुस्करत म्हणाले, “एवढा ओरडतोस, पण तुला कोंडलंय तरी कोणी?” वुबो उठून गेला.

पंच्याऐंशीच्या मे महिन्यात दौरा ठरला. इटली आणि युगोस्लाव्हिया, पाच आठवडे, जुन्या व्हॅनमधून. निघायला चार दिवस उरले असताना सकाळीच एका वाळूच्या बोटीचा भोंगा वाजायला लागला, तो थांबेना. बोट केव्हाच पुढे गेली होती आणि पूल अजून वरच होता. तिचा नावाडी मागे वळून वळून भोंगा देत होता. वुबो धावला. आल्ड्रिक हँडलपाशी आडवे पडले होते. दवाखाना पलीकडच्या काठाला, म्हणून वुबोने वडिलांच्या अंगावरून हात पुढे करून आधी पूल खाली घेतला आणि मग फोन केला. ते कसं करायचं हे त्याला लहानपणापासून येत होतं.

आल्ड्रिक वाचले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. घर नोकरीबरोबर मिळालेलं होतं. नोकरी गेली की तेही जाणार. आई कपाटातली भांडी काढून, छोट्या जागेत कुठली मावतील ते बघत बसली. प्रांताच्या कचेरीतून आलेले साहेब म्हणाले, घरातलंच कोणी काम बघत असेल तर तूर्त राहू दे. वुबो म्हणाला, पाच आठवडे बघतो.

राइंटने समजूत घातली. या दौऱ्यापुरता गायला दुसरा, एव्हर्ट म्हणून एक आहे, तो घेतो, आलो की तू आहेसच.

ते उन्हात रापून परत आले. राइंट एकटाच सायकलवरून पुलाशी आला आणि इकडचं तिकडचं बोलत राहिला. मग खाली बघत म्हणाला, “एव्हर्टलाच ठेवतोय, वुबो. नवी गाणी त्याच्या आवाजावर बसलीत.” वुबोच्या तोंडाशी शिवी आली. तेवढ्यात शिडाची बोट आली. त्याने फाटक पाडलं, पूल वर घेतला. राइंट फाटकापलीकडे तसाच उभा होता. पूल खाली येईपर्यंत वुबोने ती शिवी गिळलेली होती.

आल्ड्रिक त्यानंतर नऊ वर्षं जगले. एका हिवाळ्यात कालवा गोठला, बोटी बंद झाल्या, आणि बापलेक दुपारभर एकाच खोलीत बसू लागले. एक दिवस आल्ड्रिकनी डाव्या हाताने रेकॉर्डच्या फळीकडे बोट केलं. वुबोने एकामागून एक काढून दाखवल्या. ते मान हलवत राहिले. शेवटी बँडची छोटी रेकॉर्ड हातात आली तेव्हा मान थांबली.

‘अकरा पावलं’ लागलं आणि त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागली. ठेका चुकला नाही. शेवटच्या ओळीआधी ड्रम क्षणभर थांबतो, तिथे बोटंही थांबली.

“तू कारखान्यात गेलास की रोज लावायचे,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “मला वाटलं, तुला ठाऊक असेल.”

वुबोला विचारायचं पुष्कळ होतं. ज्याने सांगायचं त्याची वाचा गेलेली होती, आणि तो समोर बसून नुसता त्याच्याकडे बघत होता.

दोन हजार अकरात कोणीतरी ती रेकॉर्ड नव्याने बाजारात आणली. बँड केव्हाच मोडला होता, एव्हर्ट तोवर देश सोडून गेला होता. राइंटने फोन करून ग्रोनिंगनमध्ये एका संध्याकाळपुरतं गा म्हणून गळ घातली. वुबोने रजा टाकली. समोरची पोरं बँड मोडल्यानंतर जन्मलेली, पण त्यांना शब्द न् शब्द पाठ होता. घसा बऱ्यापैकी चालला. मात्र ‘अकरा पावलं’च्या शेवटाला ड्रम थांबला आणि वुबोचं तोंड मिटलं. तो सत्तेचाळीस वर्षांचा होता, त्यातली सव्वीस पुलावर गेली होती. दोनशे पोरांनी मुठी वर करून त्याच्या तोंडावर ओरडून सांगितलं, “बाहेर ये, म्हाताऱ्या!” तो माइक धरून उभा राहिला. पोरांना वाटलं, हे मुद्दामच आहे.

“शेवट त्यांना देऊन टाकलास, भारी केलंस,” राइंट नंतर पाठीवर थाप मारत म्हणाला. वुबोने त्याचा समज तसाच राहू दिला.

शरद ऋतूत जर्मनी आणि पोलंडचा दौरा ठरत होता. आठवडाभराचाच. आईवडील आता नव्हते, रजा शिल्लक होती, बदली माणूस तयार होता. कचेरीत विचारून सांगतो, असं वुबो म्हणाला. त्याने विचारलं नाही. का नाही, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. अर्ज लिहायला बसला की कुठूनतरी बोट यायची. राइंटने दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा केला नाही.