गुणाजीच्या कॉम्प्युटरची खंडेनवमी

साकीनाक्याच्या पंपांच्या कारखान्यात गुणाजी परब हेड फिटर. गिरणीत होता तेव्हापासूनचा त्याचा नेम होता: खंडेनवमीला प्रत्येक हत्याराला हळदकुंकू, झेंडू, नारळ आणि मग दिवसभर सुट्टी. पूजलेल्या यंत्राला त्या दिवशी कुणी हात लावला, की गुणाजी दोन दिवस त्या माणसाशी बोलत नसे.

शहाऐंशी साली मालकांनी सुट्या भागांची सगळी यादी कॉम्प्युटरवर चढवली. कॉम्प्युटर मात्र कारखान्यात आलाच नाही. तो अंधेरीला, एका ब्यूरोत. तिथलं एकच यंत्र चौदा कारखान्यांची कामं ओढायचं. सोमवारी इथून कागद जायचे, बुधवारी तिथून छापील भेंडोळं यायचं.

"म्हणजे आपलो पोरगो दुसऱ्याच्या घराक ठेवलो," गुणाजी मालकांना म्हणाला. "सणाक त्याका कोण विचारतलो?"

खंडेनवमीला कारखान्यातली पूजा उरकून तो तबक घेऊन थेट ब्यूरोत. दारातच चपला काढायला लावल्या, एवढं त्याला आवडलं. पण काचेच्या खोलीपाशी ऑपरेटर सुलक्षणा आडवी उभी राहिली.

"काका, कुंकवाचा कण आत गेला ना, तर डिस्कची वाट लागेल. आणि माझ्या नोकरीची!"

"बरां, कुंकू नको. मगे आजच्या दिवस बंद तरी ठेव."

"यंत्र बंद ठेवलं तर साहेब मला बंद करतील!"

"गो चेडवा, वर्षभर राबता तां..."

सुलक्षणाला हसू आलं, पण दार काही उघडलं नाही.

गुणाजी इमारतीला वळसा घालून मागे गेला. त्या खोलीचा एसी भिंतीतून पाठ बाहेर काढून फुरफुरत होता. गुणाजीने त्यालाच हळदकुंकू लावलं, झेंडूच्या माळांनी मढवलं आणि नारळ फोडला.

अर्ध्या तासात एसीने मान टाकली. खोली तापली. तापल्या खोलीत यंत्र चालवायचं नाही, हा साहेबांचाच नियम. सुलक्षणाने बटण दाबलं. साहेबांनी मेकॅनिकला फोन लावला, तर तो म्हणाला, "आज कसा येऊ? माझी हत्यारं पूजेला बसलीत."

सगळ्यांना घरी सोडलं. सुलक्षणा एसी बघायला मागे गेली तर गुणाजी खोबरं वाटत उभा.

"काका, तुम्ही एवढे फिटर. माळा घातल्या की एसी गुदमरतो, ठाऊक नव्हतं?"

"पाच माळांनी गुदमारलो नाय," गुणाजी तिच्या हातावर खोबरं ठेवत म्हणाला, "म्हणान सहावी घातलंय."