हिंगोलीला पुढारपण शिकायला

वाशीमहून हिंगोलीला जाणारी मोटार सकाळी सुटते असं म्हणतात. आमची सुटली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मी शाळामास्तर, विषय इतिहास. टेबलावर पट्टी आपटून वर्गात इतक्या लढाया जिंकल्या आहेत की विचारू नका! आता खरी लढाई पेटली होती आणि भरतीच्या साहेबांनी मला गळ घातली होती, "पोरं तुम्ही आणा, हवालदारकी तुम्हाला." माझ्या हाताखालून गेलेले सात जण तयार होते, पण गुरुजी येत असतील तरच. आणि माणसं कशी सांभाळायची यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मागच्या मोठ्या युद्धात खेचरांची तुकडी घेऊन पार इराकातल्या बसऱ्यापर्यंत गेलेले एक जमादारसाहेब हिंगोलीत होते. ते जा म्हणाले तर जायचं, नको म्हणाले तर पोरांनाही थांबवायचं, असं ठरवून मी निघालो.

कनेरगाव नाक्याला वऱ्हाड संपतं आणि निजामाचा मुलूख लागतो. तिथे सामान उचकतात. माझ्या पिशवीतून लढायांचं जाडजूड पुस्तक निघालं. नाकेदाराने ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"लढाई की किताब? किसलिए?"

"शिकायला."

"यहाँ मत सीखो," म्हणत त्याने ते ठेवूनच घेतलं. कपाळ माझं! पुढे सगळी धूळ, आणि दोन्ही बाजूंना पीक निघून गेलेली उजाड रानं.

जमादारसाहेबांची दाढी मेंदीने रंगलेली, आणि दम्याने जीव बेजार. जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि खट्टा (चिंचेचं आंबट सार) होता. मी आणि मला मोटारीपासून घेऊन आलेला टांगेवाला जेवून उठेपर्यंत त्यांनी घास घेतला नाही. "ज्याच्या हातात हुकूम, त्यानं शेवटी खायचं," ते म्हणाले. "हर माणसाचं नाव पाठ पाहिजे. त्याच्या जनावराचं बी. बूट आधी त्याचे बघायचे, मग आपले." मी खूश झालो. असं शिकवणारा भेटला की माझ्यातला मास्तर लगेच विद्यार्थी होतो.

संध्याकाळी त्यांनी जुन्या छावणीतली गोऱ्यांची थडगी दाखवली. काटेरी झुडपं माजली होती.

"हे सगळे लढून मेले?"

"काहून लढतील? तापानं गेले बहुतेक."

"मग मी जाऊ का, जमादारसाहेब?"

"उद्या माझ्या बराबर पुसेगावकडं चला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीत बसल्यावर ते आपणहून बोलू लागले. पुसेगावजवळच्या लमाण तांड्यावरची माणसं जनावरांत वाढलेली, म्हणून त्यांनी तिथला थावरू नावाचा पोरगा खेचरांसाठी नेला होता. तो बसऱ्याकडेच राहिला, पाण्यावाचून. तेव्हापासून ते दरवर्षी त्याच्या आईला, सोनीबाईला, भेटायला जातात.

"तांड्यावर आपलं माणूस लई दिसांनी आलं, न्हाईतर कुणी मेलं, की बायका गळ्यात पडून सुरात रडतात," ते म्हणाले. "ती माझ्या गळ्यात कधी पडली न्हाई. बाज टाकते, पाणी देते, साब म्हणते. तकलीफ त्याचीच हाये."

तसंच झालं. कोपरापर्यंत बांगड्या घातलेल्या त्या म्हातारीने बाजेवर गोधडी अंथरली, पाणी दिलं, आणि लांब जाऊन बसली.

"हे कोण, साब?"

"मास्तर हायेत. पोरं घेऊन फौजेत जाऊन राहिले."

"नावं काय पोरांची?"

कालचाच धडा! मी शहाण्यासारखा घडाघडा म्हणून दाखवला. गणपत, महादू, शेख चाँद, अशी सातही नावं. ती उठली, डोक्यावरची ओढणी तोंडावर ओढली, माझ्या गळ्यात हात टाकले आणि सुरात रडू लागली. शब्द त्यांच्या बोलीतले, मला कळत नव्हते. नावं मात्र कळत होती. एकेक नाव ती लांबवून घेत होती, आणि घराघरांतून बायका येऊन त्या सुरात मिसळत होत्या. अहो बाई, जिवंत आहेत ती, वाशीमला आट्यापाट्या खेळत असतील, असं ओरडावंसं वाटलं. पण त्या रडण्यात माझं कोण ऐकणार? मला भीती वाटली.

जमादारसाहेब बाजेवरून उठून उभे राहिले होते. "ऐका, मास्तर," ते म्हणाले. "मला हे जायच्या आधी कुणी ऐकवलं न्हाई."

परतीच्या मोटारीत मनाशी पक्कं केलं. जायचं नाही, आणि पोरांनाही जाऊ द्यायचं नाही. शब्दसुद्धा जुळवून ठेवले.

वाशीमला उतरलो तर सातही जण समोर, डोकी बारीक कापून आलेले.

"गुरुजी, आम्ही सह्या करून आलो! तुम्ही येणारच आहात, मग थांबायचं कशाला?"

जुळवलेले शब्द फुकट गेले. इतिहासात हुकूम आधी सुटतो आणि मग माणसं निघतात, असं मी इतकी वर्षं शिकवलं. ही माणसं माझ्याकडे नुसती बघून निघाली होती. आता मला मागे राहायची सोय नव्हती.

"घरी सांगितलंत का?" मी विचारलं.

कुणी मान वर करेना.

"चला. मी सांगतो."

पहिलं घर गणपतचं. त्याची आई अंगणात दाणे पाखडत होती. मला पाहून तिने सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि हसली.

"या जी गुरुजी. आता अजून काय खोडी केली आमच्या पोट्ट्यानं?"