दगडाखालचा कोळसा

हंचिनाळचा आप्पाजी बेंगळुरात वीस वर्षं राहिला, खरं बेंगळूर काही त्याच्या जिभेला चिकटलं नाही. आमच्या भागात 'पण'ला 'खरं' म्हणतात. हे एकदाच सांगून ठेवतो, पुढं ज्यानं त्यानं समजून घ्यावं. कन्नड त्याला चांगलं यायचं, हिंदी रेटून नेण्यापुरती. आणि मराठी म्हणाल तर निपाणीच्या बाजारात चालते ती. कुणी हसलं तर मुद्दाम आणखी दोन शब्द जास्त.

अंगानं काटक, मिशी अर्धी पांढरी, खिशाला टेस्टर, कानावर पेन्सिल. बोम्मसंद्रात गिअर कापायच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता. मोटर जळली, पट्टा तुटला, दिवा गेला की आप्पाजी. पंचाण्णव साली तिथं कॉम्प्युटर आले, त्यांचे पंखे अडकायला लागले आणि तेही ह्याच्याच गळ्यात पडले. पंचेचाळिशीला टेकलेला माणूस. दुसरा असता तर हात वर करून मोकळा झाला असता. ह्यानं मालकांकडनं एक मोडका कॉम्प्युटर मागून घेतला, मेंटेनन्सच्या खोलीत उघडा मांडला आणि बाजारात बैलाचे दात बघावेत तसा त्याचा एकेक भाग तपासला. पुढं कुठल्याशा मासिकाबरोबर सीडी आली, तीवरनं त्यात लिनक्स घातलं, विंडोजच्या जागी चालणारी फुकटची प्रणाली. लिनक्सची माहिती इंग्रजीत. डिक्शनरी मांडीवर घेऊन गडी रोज एक पान वाचायचा. बायको, यल्लव्वा, म्हणायची, "म्हातारपणी परीक्षेला बसालाय काय?"

त्याचा बा मोजणी खात्यात साखळीवाला होता. मोजणीदार छत्रीखाली उभा राहणार आणि बा काट्याकुट्यातनं साखळी ओढणार. लहानग्या आप्पाजीच्या डोक्यावर बुट्टी. बुट्टीत कोळसा आणि फुटक्या मडक्याच्या खापऱ्या. हद्दीचा दगड रोवायच्या आधी बा खड्ड्यात दोन ओंजळी कोळसा टाकायचा, वर खापऱ्या, मग माती, मग दगड. दगड सगळ्यांना दिसतो, म्हणून तो हलतो. भावकी पेटली की पहिला हात दगडाला. खरं कोळशाला वाळवी लागत नाही, तो कुजत नाही, आणि तो तिथं आहे याची कुणाला आठवणही राहत नाही. भांडण चावडीवर गेलं की बा शेजारच्या खुणेपासनं साखळी टाकायचा, एका जागी टाच मारायचा आणि म्हणायचा, "हितं खणा." हातभर खाली काळं लागलं की तोंडं बंद.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे नव्व्याण्णव सालच्या फेब्रुवारीतला एक शनिवार.

कारखान्यात नयना नावाची इंजिनिअर होती. चिक्कपेठेत तीन पिढ्या कापडाचं दुकान असलेल्या घरातली. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर कन्नड. तिनं तीन वर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. गिअरला दात किती, कोन किती एवढं सांगितलं की कापायच्या मशीनला लागणारे सगळे आकडे तो काढून द्यायचा. मालकांनी सांगितलं होतं: शनिवारी दुपारी दोनला माझ्यासमोर तुझ्या आकड्यांवर गिअर कापून दाखव. जमलं तर नवा विभाग तुझ्या हाती. नाही जमलं तर बाहेरचा तयार प्रोग्रॅम येईल आणि तू परत ड्रॉइंगच्या टेबलाला.

ऑफिसातल्या ज्या कॉम्प्युटरवर हे काम होतं, त्याच्या डिस्कचे दोन भाग होते. पहिल्या भागात विंडोज, त्यात ऑफिसची पत्रं. दुसऱ्या भागात लिनक्स, त्यात नयनाची तीन वर्षं. शनिवारी सकाळी नऊला तिनं बटण दाबलं, तर काळ्या पडद्यावर दोन अक्षरं उमटली आणि यंत्र तिथंच थिजलं.

पत्रव्यवहार बघणारे सत्यनारायणराव शेजारीच चहा पीत होते. तेही जुन्या बेंगळुरी मराठी घरातले.

"अक्का, काल संध्याकाळी डिस्क भरली म्हणून सांगायला लागलं," ते म्हणाले. "मी बघितलो. सी म्हणून नाव असलेली अर्धी जागा भरलेली, आणि दुसऱ्या अर्ध्याला नावच नाही. रिकामी पडली आहे म्हणून ती काढून टाकलो आणि आपल्यात घ्यायला लागलो. अष्टे, एवढंच! यंत्र 'परत चालू करा' म्हटलं, तेवढ्यात माझी बस आली."

विंडोजला लिनक्सचा भाग ओळखता येत नाही, म्हणून ते त्याला नाव देत नाही. हे सत्यनारायणरावांना कुणी सांगितलं नव्हतं. नयना मटकन खुर्चीत बसली. तिच्याकडं बारा फ्लॉप्यांवर उतरवून ठेवलेली प्रत होती. ती लावून बघितली. चौथी फ्लॉपी वाचेना, आणि चौथीशिवाय पुढच्या आठ उलगडेनात.

तोवर आप्पाजी आला. सगळं ऐकून रावांना म्हणाला, "नाव न्हाई म्हंजे मालक न्हाई, असं वाटलं व्हय वो? आमच्या गायरानावर बी कुणाचं नाव न्हाई. जरा नांगर घालून बगा, निम्मं गाव काठ्या घिऊन येतंय."

साडेदहाला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला अजित आला. मूळचा पुण्याचा, गळ्यात टाय. एक फ्लॉपी घालून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, लिनक्सचं पार्टिशन गेलंय. फॉरमॅट मारून फ्रेश इन्स्टॉल करून देतो."

"आणि माझं काम?"

"सॉरी. ते आता विसरा."

आप्पाजी दाराला टेकून उभा होता. "पावणं, पार्टिशन गेलं म्हंजे नेमकं काय गेलं?"

"डिस्कच्या सुरुवातीला एक तक्ता असतो. कुठला भाग कुठून कुठपर्यंत, ते लिहिलेला. त्यातली नोंद गेली."

"म्हंजे उताऱ्यावरलं नाव खोडलं. आणि जमीन?"

अजितनं टायची गाठ चाचपली. "जमीन... आहे जागच्या जागी. पण नुसतं तेवढंच नाही. नवा भाग करताना रावांनी वापरलेल्या सॉफ्टवेअरनं जुन्याची पहिली पाटी, म्हणजे त्या भागाची ओळख, तीही पुसलीय. सुरुवात कुठे होती हे कशावरून शोधणार?"

"कोळशावरनं."

अजितनं नयनाकडं बघितलं. "हे कुठलं मराठी बोलतात?"

"निपाणीचं," आप्पाजीच म्हणाला. "पुण्यास्नं हितवर आलाय न्हवं? वाटंत लागली न्हाई व्हय?"

नयनाला त्या अवस्थेतही हसू फुटलं. मग आप्पाजीनं खिशातनं वही काढली. रोज एक पान वाचताना त्यानं एक गोष्ट लिहून ठेवली होती. लिनक्स आपल्या भागाच्या तोंडाला एक पाटी ठेवतं: जागा किती, खण किती. आणि त्याच पाटीच्या नकला आत ठरावीक अंतरावर पुरत जातं. एकेक खण एक किलोबाइटचा. दर आठ हजार एकशे ब्याण्णव खणांवर एक नक्कल. ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी तो जेवताना एकटाच हसला होता आणि यल्लव्वानं त्याच्या कपाळाला हात लावून बघितला होता.

"अक्का, ऊठ. बारा वाजायच्या आत साखळी टाकायची हाय."

त्यानं डिस्क खोलून काढली आणि मेंटेनन्सच्या खोलीतल्या आपल्या उघड्या कॉम्प्युटरला दुसरी डिस्क म्हणून जोडली. "ह्या डिस्कवर कुणी काय ल्ह्यायचं न्हाई. नुसतं वाचायचं. दुसऱ्याच्या रानात चपला काढून जायचं." प्रत्येक नकलेत ठरलेल्या जागी एक शिक्का असतो. डिस्क पहिल्यापासनं शेवटपर्यंत वाचून शिक्का कुठंकुठं सापडतो त्याचे आकडे काढायचे. नयनानं दहा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. डिस्क करकरायला लागली. सत्यनारायणराव दारात हात जोडून उभे. अजित जातो जातो म्हणत स्टुलावर बसला.

अर्धी डिस्क गेली तरी काही नाही. मग एक आकडा उमटला: ४२२५४१६. थोड्या वेळानं दुसरा. मग तिसरा. नयनानं वजाबाकी केली. दोन आकड्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी सारखंच, तंतोतंत.

"काळं लागलं!" आप्पाजी ओरडला, तसा मशीनवरचा एक जण काय जळलं म्हणून बघायला आला.

पहिल्या सापडलेल्या नकलेपासनं एक अंतर मागं गेलं की भागाची सुरुवात. नयनानं त्या जागेवर, ४२०९०३२ वर, हद्द टाकली आणि डिस्क तपासायला लावली. उत्तर आलं: ओळख पटत नाही. परत लावली. परत तेच.

साडेबारा झाले होते. अजित हळूच म्हणाला, "मॅडम, मालकांना फोन करून ठेवा."

"अण्णा, संपलं," नयना आप्पाजीला म्हणाली. तिच्या डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या.

"तू आकडा सांग. मी भाकरी खातो."

तो खरोखरच भाकरीचा पुडा सोडून बसला. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, आणि भाकरी गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद. एका हातानं घास, दुसऱ्या हातानं पेन्सिल. "डिस्कवर बी चाकोऱ्या हायत," तो घास चावत म्हणाला. "सोळा हजार पासष्ट सेक्टरची एक चाकोरी. हद्द टाकायची तर चाकोरीच्या तोंडाला. मधेच कोण टाकत न्हाई." नयनाच्या आकड्याला त्यानं भाग दिला. कॉम्प्युटर समोर असताना माणूस कागदावर भागाकार करतोय, हे अजितनं आयुष्यात पहिल्यांदाच बघितलं असावं.

"दोनशे बासष्ट, आणि बाकी दोन." आप्पाजीनं पेन्सिल थांबवली. "ही दोन कुठली वो?"

सेक्टर म्हणजे डिस्कचा सगळ्यात लहान तुकडा, अर्धा खण; नयनाचे आकडे सेक्टरांतच होते. दोन सेक्टर म्हणजे एक पुरा खण. नयना त्याची वही ओढून बघायला लागली आणि एकदम उभीच राहिली. "अण्णा! पहिला खण लिनक्स मोकळा सोडतं. आपण तो मोजलाच नाही!"

"उंबरा," आप्पाजी म्हणाला. "घर मोजलं आणि उंबरा सोडला. घाल दोन कमी."

दोन कमी केले: ४२०९०३०. बरोबर चाकोरीच्या तोंडावर. शेवट कुठं, हे नकलेतच लिहिलेलं होतं. नयनानं हद्द टाकली, पहिल्या पाटीच्या जागी पुरलेली नक्कल वापर म्हणून सांगितलं आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर विचारायला लागला: हे दुरुस्त करू? ते दुरुस्त करू? ती दर वेळी हो म्हणत गेली. मग तो गप्प झाला. तिनं आत काय आहे ते दाखवायला सांगितलं.

पडदाभर नावं. एकाखाली एक, तीन वर्षांची.

सत्यनारायणरावांनी "देवा!" म्हणून भिंतीला पाठ टेकली. नयना रडली नाही, ओरडली नाही. तिनं आधी सगळ्याची दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढली, मग मात्र कागदावरली उरलेली अर्धी भाकरी उचलून उभ्या उभ्या खाऊन टाकली.

"माझी हाय ती," आप्पाजी म्हणाला.

"नाव कुठं लिहिलं आहे?" ती म्हणाली.

दोनला मालक आले. चौकोनी डब्यासारखा उघडा कॉम्प्युटर बघून त्यांनी भुवई उचलली. दात एकोणचाळीस, कोन वीस. नयनाच्या प्रोग्रॅमनं आकडे दिले, ते मशीनवर गेले. तेलाचा वास, लोखंडाचा कीस, पाऊण तास. गिअर धुऊन पुसून जोडीच्या गिअरमध्ये बसवला. मालकांनी हातानं फिरवला. एक फेरा, दुसरा, मग उलटा. कुठं कचकच नाही, अडकणं नाही. कानाशी नेऊनही फिरवला.

"सोमवारपासून विभाग तुझा," ते नयनाला म्हणाले. "माणूस कोण पाहिजे सांग."

तिनं बोट दाखवलं. आप्पाजी तेव्हा टेस्टरनं नखातला कीस काढत होता.

अजितनं टाय सैल करून विचारलं, "आप्पाजी, हे शिकलात कुठं?"

"चिखलात," तो म्हणाला. "परत जाताना निपाणीला उतरा. दावतो."

सोमवारी त्यानं विभागातलं पहिलं काम केलं. कारखान्यातल्या सातही कॉम्प्युटरांची झाकणं खोलून आत एकेक कागद चिकटवला. कुठला भाग कुठल्या आकड्याला सुरू, कुठल्या आकड्याला संपतो, कुणाचा. खाली पंचांच्या दोन सह्या. एक नयनाची. दुसरी सत्यनारायणरावांची, सातही कागदांवर.

"आप्पाजी, माझी कशाला?" राव म्हणाले.

"दगड हलवणाऱ्याचीच घ्यायची असती. बा तसंच करायचा. करा, सही करा."

रावांनी खिशातनं पेन काढलं.