जाड अक्षरं

आमच्या घरात 'जाड' हा शब्द माणसांसाठी वापरला जात नव्हता. आई विचारायची, "जाड किती?" आणि मी लॅबचा कागद बघून सांगायचो, "एकच." एकच म्हणजे साखर. नॉर्मलच्या बाहेर गेलेला आकडा लॅबचा कॉम्प्युटर ठळक छापतो, हे मीच तिला दाखवलं होतं. तिला वाचता येत नव्हतं, पण जाड काय आणि बारीक काय एवढं तिला दिसायचं. मी सांगितल्यावर ती स्वतः कागद डोळ्यांजवळ धरून खात्री करून घ्यायची.

आम्ही मूळचे मिठागरावरचे. जिथे आमची जागा होती तिथे आता उलव्याच्या इमारती आहेत. पनवेलला राहायला आलो तेव्हा आईला मधुमेह निघाला आणि दर काही महिन्यांनी रक्त-लघवी तपासायची सवय घराला लागली. मी एका शाळेत क्लार्क. इंग्रजी वाचता येणारा म्हणून भावकीतले लोक आपापले रिपोर्ट घेऊन माझ्याकडे यायचे. कुणी उलव्याहून, कुणी द्रोणागिरीहून. मी पेनाचं टोक पानावरून खाली आणायचो, जाड दिसलं की थांबायचो, नाही दिसलं की कागदाची घडी घालून परत द्यायचो. माणसं खूश होऊन जायची. बायको म्हणायची, "चहा माझा आणि डॉक्टरकी तुमची." मला ते आवडायचं, हे लपवत नाही.

आईच्या बाबतीतही तेच. नवीन काही जाड नसेल तर डॉक्टरांकडे जायचं नाही, जुनीच गोळी चालू ठेवायची, असं मी ठरवून टाकलं होतं. तिचे गुडघे दुखायचे. त्यासाठी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या मीच आणायचो. अशा गोळ्यांनी किडनीला त्रास होतो, असं बायको एकदा म्हणाली. मी तिला रिपोर्ट काढून दाखवला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा कचरा रक्तात किती उरला ते सांगणारा आकडा, बारीक अक्षरात होता. कंसातल्या हद्दीच्या आत. विषय संपला.

लघवीचं पान मी कधी नीट वाचलंच नाही. त्या पानावर बहुतेक शब्द असतात. रंग फिकट पिवळा, दिसायला स्वच्छ. स्वच्छ वाचलं की मी पान उलटायचो. त्याच पानावर खाली अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून जाणारं प्रोटीन, अशी एक ओळ होती. त्यापुढे आधी 'निल', म्हणजे काही नाही, असायचं, मग 'ट्रेस', म्हणजे किंचित, आलं, मग एक अधिकचं चिन्ह, मग दोन. कॉम्प्युटर आकड्यांची हद्द बघून ठळक छापतो. शब्दाला आणि चिन्हाला हद्द नसते, म्हणून ती ओळ बारीकच राहिली.

आईला बाटलीत लघवी द्यायची लाज वाटायची. ती तिला 'पानी' म्हणायची आणि बाटली आधी वर्तमानपत्रात, मग फडक्यात गुंडाळून द्यायची. त्याच सुमारास तिची कुरबुर सुरू झाली की मोरीत फेस राहतो, सून साबणाची पावडर टाकते आणि पाणी ओतत नाही. बायकोने दोनदा तिच्यासमोर मोरी धुतली. फेस पुन्हा आला. त्यावरून दोघींचं काही दिवस बिनसलं होतं. लघवीतून प्रोटीन जायला लागलं की फेस होतो, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी मोरीला नवा ब्रश आणला.

मग चपलेचे पट्टे तिच्या पायात रुतायला लागले. सूज बघून फिजिशियनने किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या बाई होत्या, माझ्यापेक्षा लहान. त्यांनी आईला तपासून बाहेर बसायला सांगितलं आणि जुने रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकातून आधी लघवीचं पान काढलं. मग क्रिएटिनिनच्या आकड्यांवरून बोट फिरवत गेल्या. आकडा दर वेळी थोडा वर सरकला होता, पण हद्दीच्या आतच होता. मी तसं म्हणालो.

"आईंचं वजन किती?" त्यांनी विचारलं.

चाळीसच्या आसपास असेल, मी म्हणालो.

"मग हा आकडा तुमच्यासाठी नॉर्मल आहे. एवढ्या बारीक बाईसाठी नाही. अंगात स्नायू कमी, म्हणजे कचराही कमीच हवा."

त्यांच्या टेबलावर प्लास्टिकची किडनी होती, दोन भागांत उघडणारी. तिचा एक तुकडा नीट बसला नव्हता. डॉक्टर बोलत होत्या तेव्हा माझं सगळं लक्ष त्या फटीकडे होतं. तो तुकडा दाबून बसवावा, एवढंच मनात येत होतं. गुडघ्याच्या गोळ्यांबद्दल त्यांनी विचारलं, मी सांगितलं. साखरेने किडनी आधीपासून खराब होत असणार, गोळ्यांनी भर पडली असणार, किती ते सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तरी मला काही वाटलं असतं असं नाही.

बाहेर बाकावर आईने विचारलं, "जाड किती?"

"एकच."

खोटं नव्हतं. कागदावर एकच होतं.

"मंग इतका वेल का लागला?"

मी म्हणालो, गर्दी होती. रिक्षात ती वडाळे तळ्याकडे बघत बसली आणि मी रिपोर्टची पिशवी मांडीवर धरून बसलो.

घरी आल्यावर मी दुखण्याच्या गोळ्या फेकून दिल्या. बायकोला सगळं सांगितलं, आईला नाही. रोज सांगू म्हणायचो. ती गुडघे चोळत गोळी मागायची आणि मी म्हणायचो, डॉक्टरांनी बंद केलीय. का, ते सांगत नव्हतो. "पगार झाला नाय का तुजा?" असं ती एकदा हसत म्हणाली. मी जेवत होतो. जेवत राहिलो.

पुढच्या वर्षी डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा. पहिल्यांदा हाताला सुया लावल्या तेव्हाही मला काही वाटलं नाही. मशिनच्या नळीतून रक्त जाताना दिसत होतं आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा मोबाइल वाजत होता.

तिथे महिन्याचा रिपोर्ट मिळाला. आईने माझ्या हातातून कागद घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

"सगलं जाड हाय," ती म्हणाली.

"हो."

"मंग आता तुला शोदायला नको."

तिने कागद परत दिला. सुया असलेला हात हलवायचा नसतो, म्हणून तो तिने तसाच सरळ ठेवला होता. तेव्हा मी सांगितलं. गुडघ्याच्या गोळ्यांनी किडनी आणखी बिघडली. मीच आणून देत होतो. मला रिपोर्ट वाचता येत नव्हता.

आईने मान माझ्याकडे वळवली.

"आनि बंद केल्यास त्या ह्याच्यापायी?"

"हो."

"मना वाटलं पैसं नाय तुज्याकडं," ती म्हणाली. "म्हनून मागाची थांबली."

मग तिला थंडी वाजायला लागली, मशिनवर वाजतेच. मी चादर तिच्या पायांवर ओढली.