मागे घेतलेली साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रार्थनेचं उत्तर मिळालं की रविवारी उभं राहून साक्ष द्यायची पद्धत आहे. देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, लोक टाळ्या वाजवतात, आणि आठवड्याच्या पत्रकात तुमचं नाव 'प्रार्थनाविषय' या रकान्यातून उचलून शेजारच्या 'उपकारस्तुती'त टाकतात. तिकडे गेलेलं नाव परत आल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

माझ्या नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांचं नाव पहिल्या रकान्यात सगळ्यात वर होतं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. हा माणूस वीस वर्षं गायनमंडळाच्या मागच्या रांगेत उभा राहून सगळ्यांच्या वर आवाज काढायचा, तोही बेसूर. गायनमंडळाचे मास्तर आता त्यांचा आवाज परत यावा म्हणून डोळे मिटून प्रार्थना करत. एवढी वर्षं मास्तरांनी देवाकडे नेमकं उलटं मागितलं असणार, असं मला वाटे.

दर बुधवारी संध्याकाळी आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत दहाबारा जण जमायचे. उपदेशाला तोटा नव्हता. कोणी म्हणे, देवाचा ज्याच्यावर जीव असतो त्यालाच तो कसाला लावतो. तेव्हा त्याने थोडे दिवस दुसऱ्या कोणाला जीव लावावा, असं माझ्या अगदी ओठांवर यायचं. एका बाईंनी तर कुजबुजून विचारलं, "घरात काही लपलेलं पाप तर नाही ना?" मी म्हटलं, "दोन खोल्यांत लपवणार कुठे?" पण हीच माणसं चहा स्वतः करायची, कप विसळून ठेवायची. गायनमंडळातले दोघं ह्यांना काखेत धरून पॅसेजमध्ये फेऱ्या मारायला लावायचे. तेवढा वेळ मी बाजारात जाऊन यायची. खरं तर नुसती उभी राहायची तिथे.

चौथ्या महिन्यात एका सकाळी हे म्हणाले, "पाणी." अगदी स्पष्ट.

मला रविवारपर्यंत दम निघेना. पाळकसाहेबांनी "कोणाची साक्ष?" म्हणताच मी ताडकन उठले आणि सांगितलं, "देवाने माझ्या नवऱ्याची वाचा परत दिली!" एका शब्दाची मी वाचा करून टाकली. टाळ्या झाल्या, मास्तर तर रडले.

त्यानंतर 'पाणी' पुन्हा आलं नाही आणि दुसरा शब्दही नाही. डॉक्टर म्हणाले, असा एखादा शब्द कधी कधी निसटून येतो.

बुधवारी मी कप मांडून बसले. कोणी आलं नाही. मंडळीच्या सेक्रेटरींना फोन केला तर ते म्हणाले, "अहो, तुमची तर साक्ष झाली! बुधवार आता भांडुपच्या किडनीवाल्यांना दिला." पुढचे बुधवारही तसेच गेले. बाजारात मंडळीतलं कोणी भेटलं की विचारायचं, "काय, बोलतात ना आता झकास?" मी म्हणायची, "देवाची कृपा." फोनवरही तेच म्हणायची, आणि हे पलंगावरून ऐकायचे. हळूहळू त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्नच सोडला. भिंतीकडे वळून पडून राहायचे.

मला देवाचा राग आला. मी त्याची अब्रू सांभाळायला खोटं बोलत होते आणि तो गप्प. घरात दोघं गप्प होते, हे आणि देव, आणि देवाला तर अर्धांगवायूही झालेला नव्हता.

दोन महिन्यांनी एका रविवारी मी पुन्हा उभी राहिले. "माझी साक्ष मी मागे घेते," म्हटलं. "हे बोलत नाहीत. मी घाई केली. नाव परत यादीत घाला."

पाळकसाहेब गोंधळले. "ताई, साक्ष अशी मागे... म्हणजे तशी पद्धत नाही."

तेवढ्यात पुढच्या बाकावरची म्हातारी आंटी बसल्या जागेवरून ओरडली, "मग माझा गुडघा पण घाल रे परत! गेल्या नाताळात बरा झाला म्हणून सांगितलं मी. कसला बरा होतोय!"

मग रांगच लागली. एकीच्या मुलाची सुटलेली दारू सुटलेली नव्हती. एकाची लागलेली नोकरी तीन आठवड्यांत गेली होती. शेवटी पाळकसाहेबांनी चष्मा पुसत आपली सुटलेली झोपेची गोळीही चालूच असल्याचं सांगितलं. पुढच्या पत्रकात उपकारस्तुतीच्या रकान्यात फक्त चर्चचा नवा पंखा उरला.

त्या बुधवारी आमच्याकडे कप कमी पडले. आम्ही गोल बसून एकामागून एक प्रार्थना करतो. पूर्वी ह्यांची पाळी आली की त्यांना संकोच नको म्हणून शेजारचा घाईने सुरू करायचा. त्या दिवशी शेजारी आंटी होती. ती डोळे मिटून म्हणाली, "बोल रे. आम्ही थांबतो."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तोंड उघडलं. ओठ वाकडे झाले, लाळ गळली, घशातून नुसता आवाज येत राहिला, शब्द एकही नाही. बराच वेळ चाललं ते. कोणी हललं नाही. मला रडू आवरेना, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की देव ऐकतोय. त्यांनी मान खाली घातली तेव्हा आम्ही सगळे "आमेन" म्हणालो.

मास्तरांनी हळूच विचारलं, "काय मागितलं असेल हो?"

आंटी म्हणाली, "तुझ्याकडे मागितलं का? मग तुला कशाला कळायला पाहिजे?"